शेजारी राष्ट्रे, सामायिक सत्ता आणि कराराची अमानत

फ्रान्स आणि जर्मनीच्या सीमेवर, ऱ्हाइन नदीच्या काठी स्ट्रासबर्ग नावाचे शहर आहे. तेथील एका चौकात १९३६ साली उभारलेले युद्धस्मारक आहे. एक आई आणि तिच्या आधाराने प्राण सोडणारे तिचे दोन पुत्र, एवढेच ते शिल्प. युद्धस्मारकांवरील सैनिकांच्या अंगावर सहसा गणवेश असतो. या दोघांच्या अंगावर मात्र तो नाही, कारण त्यांतला एक फ्रान्सच्या बाजूने लढला आणि दुसरा जर्मनीच्या. खाली कोरलेल्या ओळीत हे स्मारक ‘आमच्या मृतांना’ अर्पण केले आहे. ते कोणत्या देशासाठी मेले, हे लिहिणे शिल्पकाराला आणि शहराला शक्य नव्हते.

१८७१ ते १९४५ या पाऊणशे वर्षांत या शहराचा देश चार वेळा बदलला. प्रथम फ्रान्सकडून जर्मनीकडे, १९१८ मध्ये पुन्हा फ्रान्सकडे, १९४० मध्ये जर्मनीकडे आणि महायुद्धाच्या अखेरीस परत फ्रान्सकडे. घराचा उंबरठा न ओलांडता तेथील माणूस चारदा परदेशी झाला. दुसऱ्या महायुद्धात या आल्सास प्रांतातील आणि शेजारच्या मोझेल जिल्ह्यातील सुमारे १,३०,००० पुरुषांना जर्मन सैन्यात सक्तीने भरती करण्यात आले. पुष्कळांच्या वाडवडिलांनी अगोदरच्या युद्धात कोणत्या बाजूने बलिदान दिले होते, याची कोणी चौकशी केली नाही.

आज त्याच शहरात सत्तावीस देशांचे प्रतिनिधी एका संसदेत बसतात आणि मासेमारीच्या जाळ्यांपासून औषधांच्या दर्जापर्यंत अनेक विषयांवर एकत्र कायदे करतात. हे कसे घडले, याचा इतिहास पुष्कळांना ठाऊक असेल. मला आपल्यासमोर ठेवायचा आहे तो त्यामागचा नैतिक प्रश्न. ज्या शेजाऱ्याने तीन पिढ्यांत तीनदा आपल्या घरावर चाल केली, त्याच्या हाती आपल्या सत्तेचा एक हिस्सा देणे हा शहाणपणा आहे की आत्मघात? आणि देणे योग्य असेल, तर ते कोणत्या अटींवर?

कोळसा आणि पोलाद

पहिल्या महायुद्धानंतर विजेत्यांनी जर्मनीच्या प्रश्नाला दंडाचे उत्तर दिले होते. युद्धखंडणी थकली म्हणून १९२३ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमच्या सैन्याने रूर हा जर्मनीचा कोळशाचा प्रदेश ताब्यात घेतला. त्यातून कायमची सुरक्षितता लाभली नाही. मागे उरला तो अपमान आणि त्या अपमानावर पुढे हिटलरने आपली पोळी भाजून घेतली.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये पुन्हा तोच सूर उमटत होता. अशा वेळी ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट शुमान यांनी पॅरिसमध्ये एक प्रस्ताव जाहीर केला. त्याचा मसुदा झाँ मोने यांच्या पुढाकाराने तयार झाला होता. प्रस्ताव साधा होता. फ्रान्स आणि जर्मनी यांचे कोळसा व पोलादाचे सारे उत्पादन एका सामायिक प्राधिकरणाखाली आणावे आणि इतर देशांनाही त्यात येण्याची मुभा असावी. कोळसा आणि पोलादच का? कारण त्यांच्यावाचून तोफ ओतता येत नाही आणि रणगाडा बनत नाही. शस्त्राचा कच्चा मालच दोघांच्या नजरेसमोर आणि दोघांच्या हिशेबात राहिला, तर एकाला दुसऱ्याविरुद्ध गुपचूप तयारी करता येणार नाही.

हा विचार कोणाला सुचला, हेही पाहण्यासारखे आहे. शुमान यांचा जन्म १८८६ मध्ये लक्झेंबर्गमध्ये झाला. वडील लॉरेन प्रांतातले असल्यामुळे ते जन्माने जर्मन नागरिक होते आणि तो प्रांत फ्रान्सकडे परत गेल्यावर फ्रेंच झाले. हा प्रस्ताव लगेच मान्य करणारे जर्मनीचे चॅन्सेलर कोनराड आडेनॉअर ऱ्हाइनकाठच्या कोलोन शहराचे महापौर राहिले होते आणि नाझींनी त्यांना १९३३ मध्ये त्या पदावरून दूर केले होते. इटलीचे पंतप्रधान आल्सिदे दे गास्पेरी यांनी आपल्या राजकीय आयुष्याचा आरंभ ऑस्ट्रियाच्या संसदेत केला, कारण त्यांचा प्रांत तेव्हा ऑस्ट्रियाकडे होता. सीमा माणसाच्या घरातून गेली म्हणजे काय होते, हे या तिघांनी अनुभवले होते.

१८ एप्रिल १९५१ रोजी फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी करारावर सह्या केल्या. त्यातून नऊ सदस्यांचे एक उच्च प्राधिकरण अस्तित्वात आले. एका देशाचे दोनांहून अधिक सदस्य त्यावर असू शकत नव्हते आणि कोणत्याही सदस्याने आपल्या सरकारकडून हुकूम घेण्यास मनाई होती. वाद उद्भवल्यास न्यायालय होते. विजयी आणि पराभूत एकाच कायद्याखाली, एकाच न्यायालयापुढे उभे राहिले.

ज्याच्या उपद्रवापासून शेजारी निर्धास्त नाही त्याच्या ईमानाला पूर्णत्व नाही, या आशयाची प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. या शिकवणीतील ‘निर्धास्त’ या भावाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. शेजाऱ्याला त्रास न देणे ही एक गोष्ट झाली. त्रास होणार नाही याची त्याला खात्री वाटणे ही त्याहून मोठी गोष्ट आहे. जो शेजारी आज माझ्या मर्जीमुळे सुरक्षित आहे, तो माझी मर्जी फिरण्याच्या भीतीतच जगतो. त्याला निर्धास्त करायचे, तर मला माझ्या मर्जीवरच बंधन घालून घ्यावे लागते. सहा देशांनी १९५१ मध्ये केले ते हेच.

मालकी की अमानत?

या व्यवस्थेवर पहिल्या दिवसापासून एक आक्षेप घेतला गेला आणि तो क्षुल्लक नाही. ज्या राष्ट्राला आपल्या खाणींचा निर्णय आपण घेता येत नाही, आपल्या चलनाचे मूल्य ठरवता येत नाही, त्याला राष्ट्र तरी का म्हणावे? फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गॉल यांनी १९६५ च्या उन्हाळ्यात आपल्या प्रतिनिधींना बैठकांतून परत बोलावले आणि सुमारे सात महिने फ्रान्सची खुर्ची रिकामी राहिली. आपल्या महत्त्वाच्या हितसंबंधांवर इतरांच्या बहुमताने निर्णय होणे त्यांना मान्य नव्हते. जानेवारी १९६६ मध्ये तडजोड झाली ती अशी: कोणाचे अत्यंत महत्त्वाचे हित गुंतले असेल तेथे सर्वमान्य तोडगा निघेपर्यंत चर्चा चालू ठेवावी. तत्त्वाचा वाद सुटला नाही, पण सारे पुन्हा एका मेजाभोवती बसले.

आक्षेपाच्या मुळाशी एक गृहीतक आहे: सत्ता ही सत्ताधाऱ्याची मालमत्ता आहे आणि तिचा कोणताही हिस्सा देणे म्हणजे गरीब होणे. सूरह निसामध्ये (४:५८) अमानती त्यांच्या हक्कदारांकडे सोपवण्याचा आणि लोकांमध्ये निवाडा करताना न्यायाने करण्याचा आदेश एकाच आयतीत आला आहे. अनेक भाष्यकारांनी राज्यकारभारालाही या अमानतीत गणले आहे. सत्ता अमानत असेल, तर राज्यकर्ता तिचा मालक ठरत नाही, केवळ राखणदार ठरतो. मग प्रश्नाचे रूपच बदलते. ‘माझे किती गेले?’ हे विचारण्याचा अधिकार राखणदाराला नाही. त्याने विचारायचे ते एवढेच, की ज्यांच्यासाठी मी ही सांभाळतो आहे त्यांचे रक्षण एकट्याने अधिक चांगले होईल की शेजाऱ्याबरोबर?

आपल्याकडे दोन भावांच्या शेतांमध्ये सामायिक विहीर असते. पाण्याची पाळी ठरलेली असते आणि तिच्यात हिस्सा असलेल्या भावाला कोणी बिनपाण्याचा म्हणत नाही. प्रत्येकाने आपापली वेगळी विहीर खोदून दोघांचेही पाणी आटवावे, यात स्वाभिमान पाहणारा माणूस विरळाच.

परंतु अमानतीच्या या विचारातून एक कठोर अटही निघते. राखणदाराने अमानतीची व्यवस्था बदलायची, तर धन्याची संमती हवी. येथे युरोपच्या नेत्यांचे पाऊल अनेकदा घसरले. १९५४ मध्ये सहा देशांची एकत्रित सेना उभारण्याचा करार फ्रान्सच्या संसदेने फेटाळला, तेव्हा तो विचार गुंडाळून ठेवण्यात आला. पुढे मात्र घाई वाढली. १९९२ मध्ये डेन्मार्कच्या जनतेने मास्ट्रिख्टचा करार नाकारला. काही सवलती देऊन पुढच्या वर्षी पुन्हा कौल घेतला आणि तो होकारार्थी आला. आयर्लंडने २००१ आणि २००८ मध्ये ‘नाही’ म्हटले आणि दोन्ही वेळा जनतेला तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला गेला. २००५ मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी युरोपची नियोजित राज्यघटना नाकारली. तिच्यातील पुष्कळसा आशय पुढे लिस्बन करारातून आला आणि या दोन्ही देशांत त्यावर सार्वमत झाले नाही. मतदाराची शंका खरोखर दूर करून पुन्हा विचारणे हे योग्यच आहे. त्याला थकवून होकार मिळवणे ही अमानतीतली कसूर होय आणि अशा होकाराचा राग पिढ्यान्‌पिढ्या मनात राहतो.

एक भाषा, एक धर्म, तरीही

जुम्याच्या नमाजनंतर तरुण मुले कधीकधी विचारतात, ‘इमामसाहेब, ज्यांच्या भाषा वेगळ्या, ज्यांनी एकमेकांचे रक्त सांडले, ते एकत्र आले. मग ज्यांचा अल्लाह एक, किब्ला एक आणि भाषाही एक, ते अरब देश का येत नाहीत?’ हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. याचे उत्तर एका प्रत्यक्ष प्रयोगात सापडते.

फेब्रुवारी १९५८ मध्ये इजिप्त आणि सीरिया हे दोन देश विलीन होऊन संयुक्त अरब प्रजासत्ताक बनले. हे विलीनीकरण कोणी लादलेले नव्हते. सीरियाचेच अधिकारी कैरोला गेले होते आणि एकीकरणाची मागणी त्यांनीच केली होती. रस्त्यांवर उत्साहाला उधाण आले होते. पण अध्यक्ष नासर यांच्या अटीनुसार सीरियातील राजकीय पक्ष विसर्जित झाले, महत्त्वाचे निर्णय कैरोत होऊ लागले आणि सीरियाचा कारभार पाहण्यास इजिप्तचे सेनाधिकारी आले. दमास्कसला आपली तक्रार मांडण्यासाठी दोघांनाही बंधनकारक असे न्यायालय नव्हते आणि थोरल्या भागीदाराला रोखणारा कायदाही नव्हता. २८ सप्टेंबर १९६१ रोजी दमास्कसमध्ये लष्करी उठाव झाला आणि साडेतीन वर्षांचा संसार मोडला.

याचा दोष धर्माकडे किंवा भाषेकडे जात नाही. १९७१ मध्ये स्थापन झालेला संयुक्त अरब अमिरातींचा संघ आजही टिकून आहे. तेथे सातही अमिरातींचे शासक सर्वोच्च परिषदेत बसतात. महत्त्वाच्या निर्णयांसाठी पाच मते लागतात आणि त्यांत अबू धाबी व दुबई यांची मते असावीच लागतात. प्रत्येक अमिरातीची नैसर्गिक संपत्ती मात्र तिची स्वतःची राहते. थोरल्या दोघांचे वजन अधिक आहे, पण ते लिहून ठेवलेले आहे आणि धाकट्यांना ते आधीपासून ठाऊक आहे.

प्रेम आणि बंधुभाव माणसांना एकत्र आणतात हे खरे. त्यांना एकत्र ठेवण्याचे काम मात्र न्यायाला करावे लागते. बंधुत्वाच्या नावाखाली हिशेब विचारणेच अशिष्ट ठरते, तेव्हा दुर्बळ भावाचा कोंडमारा सुरू होतो. कुटुंबांच्या वाटण्यांत आपण हे पाहत आलो आहोत आणि राष्ट्रांच्या बाबतीतही तेच घडते.

कातलेला दोरा

करार पाळण्याविषयी सूरह नहलमध्ये (१६:९२) एक विलक्षण दृष्टांत आला आहे. मेहनतीने घट्ट कातलेले सूत स्वतःच उसवून टाकणाऱ्या स्त्रीसारखे होऊ नका, असा त्याचा आशय. त्या उसवण्यामागचे कारणही तेथेच सांगितले आहे: एक समूह दुसऱ्या समूहापेक्षा वरचढ झाला म्हणून शपथांना फसवणुकीचे साधन बनवणे. करार बहुधा शक्तीचा समतोल बदलल्यावर मोडतात आणि ते मोडण्याचा मोह बलवानालाच अधिक असतो. म्हणून कोणत्याही सामायिक व्यवस्थेची परीक्षा धाकट्याच्या स्थानावरून करावी.

या परीक्षेत युरोपीय संघाला काही गुण निश्चित द्यावे लागतील. बहुतेक कायद्यांसाठी मंत्रिपरिषदेत किमान ५५ टक्के देशांची आणि एकूण लोकसंख्येपैकी किमान ६५ टक्के लोकांचे प्रतिनिधित्व करणाऱ्यांची संमती लागते. त्यामुळे थोरल्यांना धाकट्यांवाचून आणि धाकट्यांना थोरल्यांवाचून पुढे जाता येत नाही. ७२० सदस्यांच्या संसदेत जर्मनीचे ९६ आणि चिमुकल्या माल्टाचे ६ सदस्य आहेत. माल्टाच्या एका सदस्यामागे एक लाखाहून कमी लोक येतात, जर्मनीच्या एका सदस्यामागे आठ लाखांहून अधिक. माणसे मोजली तर हा अन्याय वाटेल. धाकट्या समाजाचा आवाज बुडू नये म्हणून थोरल्याने केलेला हा त्याग आहे, असे पाहिले तर त्यातला न्याय दिसतो.

संघाच्या २४ अधिकृत भाषांमध्ये माल्टी भाषाही आहे. ती अरबीपासून निघालेली असून रोमन लिपीत लिहिली जाते. माल्टाचे कॅथलिक लोक ईश्वराला ‘अल्ला’ म्हणतात आणि त्यांच्या उपवासाच्या चाळीस दिवसांना ‘रन्दान’ म्हणजे ‘रमजान’चेच रूप वापरतात. जेमतेम पाच-सहा लाखांच्या देशाची भाषा संघाच्या कायद्यात जर्मन आणि फ्रेंच भाषांच्या बरोबरीने उभी आहे.

पण याच संघात सूत उसवलेलेही दिसते. युरो चलन स्वीकारणाऱ्या देशांनी आपली अर्थसंकल्पीय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवावी, असा नियम होता. त्याचा आग्रह सर्वांत अधिक जर्मनीने धरला होता. पुढे जर्मनी आणि फ्रान्स यांनीच ती मर्यादा ओलांडली, तेव्हा नोव्हेंबर २००३ मध्ये अर्थमंत्र्यांनी त्यांच्यावरील कारवाई थांबवून ठेवली. काही वर्षांनी पाळी ग्रीसची आली. ग्रीसच्या सरकारांनी आपल्या तुटीचे खरे आकडे दडवले होते. तो त्यांचा अपराध होता आणि त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पण २०१० पासून कर्जाच्या बदल्यात जी काटकसर लादली गेली, तिची झळ आकडे दडवणाऱ्यांपेक्षा निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या म्हाताऱ्यांना आणि कामाच्या शोधातील तरुणांना अधिक लागली. २०१३ मध्ये तेथील निम्म्याहून अधिक तरुण बेकार होते. ५ जुलै २०१५ च्या सार्वमतात ६१ टक्के लोकांनी कर्जदात्यांच्या अटी नाकारल्या. बँका बंद होत्या आणि यंत्रातून दिवसाला फक्त ६० युरो काढता येत होते. १३ जुलैला सरकारने कठोर अटी मान्य केल्या.

नियम मोडणारे दोघेही होते. थोरल्यासाठी नियम वाकला आणि धाकट्यासाठी तो फास झाला. आपल्या पूर्वीच्या समाजांचा नाश होण्याचे कारण सांगताना प्रेषितांनी (स.) हेच दाखवून दिले होते, की प्रतिष्ठिताने चोरी केली तर ते त्याला सोडून देत आणि दुर्बळाने केली तर त्याला शिक्षा देत.

जाण्याची वाट

सन्मानाने बाहेर पडता येत नाही, त्या घराचा तुरुंग होतो. युरोपीय संघाच्या लिस्बन करारात, म्हणजे १ डिसेंबर २००९ पासून, सदस्यत्व सोडण्याची रीत स्पष्ट लिहिलेली आहे. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनच्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी संघ सोडण्याचा कौल दिला आणि ३१ जानेवारी २०२० रोजी तो देश बाहेर पडला. मधली साडेतीन वर्षे कटू होती. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या बहुसंख्य मतदारांना संघातच राहायचे होते. १९९८ च्या शांतता करारानंतर आयर्लंड बेटावरील सीमा जवळजवळ अदृश्य झाली होती. तेथे पुन्हा चौक्या उभ्या राहू नयेत, या प्रश्नावर वाटाघाटी अनेकदा अडल्या. तरीही सारा कलह कागदावर, संसदेत आणि न्यायालयात झाला. कोणत्याही सीमेवर सैन्य सरकले नाही.

दुसऱ्या पक्षाकडून दग्याची भीती असेल तर त्याच्याशी केलेला करार उघडपणे, बरोबरीच्या पातळीवर परत करा, अशी आज्ञा सूरह अनफालमध्ये (८:५८) आली आहे. तिचा संदर्भ युद्धकाळाचा आहे. पण जिथे शत्रूशी केलेला करारही गुपचूप मोडण्यास मनाई आहे, तिथे मित्राशी केलेला करार सांगून-सवरून, हिशेब चुकता करून सोडावा, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

वाट नसली किंवा ती कोणी मानली नाही, तर काय होते, हे त्याच खंडाने त्याच काळात पाहिले. १९९१ मध्ये युगोस्लाव्हियाचे तुकडे होऊ लागले आणि कोणी कोठे राहायचे, याचा निवाडा रणगाड्यांनी सुरू केला. त्याची सर्वांत भयंकर किंमत बोस्नियाच्या मुस्लिमांनी मोजली.

शेजारी कोण?

येथे आपण या साऱ्या प्रयोगाच्या सर्वांत दुखऱ्या जागेशी येतो. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा येथे ८,००० हून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुले यांची हत्या झाली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्याला वंशसंहार ठरवले. संयुक्त राष्ट्रांनी ते गाव सुरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केले होते आणि तेथे नेदरलँड्सचे सैनिक तैनात होते. नेदरलँड्स म्हणजे १९५१ च्या सहा सह्यांपैकी एक. शेजाऱ्यांमधील युद्ध अशक्य करू पाहणाऱ्या संघाच्या उंबरठ्यावर हे घडले आणि तो पाहत राहिला.

याची मुळे आणखी मागे जातात. ८ मे १९४५ रोजी, युरोप विजयाचा आनंद साजरा करत असताना, अल्जीरियातील सेतीफ येथे स्वातंत्र्याच्या घोषणा देणाऱ्या मुस्लिमांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर उसळलेल्या उठावात सुमारे शंभर युरोपीय मारले गेले आणि पुढील आठवड्यांत फ्रेंच सत्तेने हजारो अल्जीरियन लोकांची कत्तल केली. मार्च १९५७ मध्ये रोम येथे सहा देशांनी सामायिक बाजारपेठेच्या करारावर सह्या केल्या, तेव्हा त्या करारात अल्जीरियाचे नाव फ्रान्सचा भाग म्हणून होते. तेथे स्वातंत्र्ययुद्ध पेटून तिसरे वर्ष चालू होते. जर्मन शेजाऱ्याशी सत्ता वाटून घेण्याइतके मोठे झालेले मन अल्जीरियन माणसाला त्याचा स्वतःचा देश परत देण्याइतके मोठे व्हायला १९६२ साल उजाडावे लागले.

सूरह निसामध्येच (४:३६) सद्‌वर्तनाची आज्ञा देताना जवळच्या शेजाऱ्याबरोबर परक्या शेजाऱ्याचाही वेगळा उल्लेख आहे. मानवी मनाची वाट नेमकी तेथेच अडते. आपल्यासारखा दिसणारा, आपल्या बरोबरीचा शेजारी ओळखायला माणूस शिकतो. परका शेजारी मात्र त्याला दिसतच नाही. नुबुव्वतीपूर्वी मक्केत झालेल्या ‘हिल्फुल फुदूल’ या कराराची आठवण येथे होते. येमेनहून आलेल्या एका व्यापाऱ्याचा माल मक्केतील एका मातब्बराने घेतला आणि पैसे बुडवले. त्या परक्याच्या पाठीशी कोणते कुळ नव्हते. तेव्हा मक्केतील काही कुळे अब्दुल्लाह इब्न जुदआन यांच्या घरी जमली आणि शहरात कोणावरही जुलूम झाला, तर हक्क मिळेपर्यंत पीडिताच्या बाजूने उभे राहण्याचा करार त्यांनी केला. तरुण मुहम्मद (स.) त्यात हजर होते आणि प्रेषित झाल्यावरही त्यांनी त्या कराराची प्रशंसा केली. करार करणारे त्या काळी मुस्लिम नव्हते. त्यांचा करार मोठा ठरला, कारण तो करारात नसलेल्या माणसासाठी होता.

आपल्यासाठी

वाचकहो, युरोपचे गुणगान करण्यासाठी किंवा त्याच्या दोषांची यादी देण्यासाठी मी हे लिहिलेले नाही. शत्रुत्व ही नियती नाही, हे त्या सहा देशांनी दाखवून दिले. त्यांच्याकडून हे शिकण्यात आपल्याला कमीपणा वाटू नये, कारण एखाद्या समाजाचे वैर आपल्याला न्यायापासून ढळवू नये, ही सूरह माइदाची (५:८) शिकवण त्यांच्या गुणांची कबुली देण्यासही आपल्याला बांधते. त्याचबरोबर अल्जीरिया आणि बोस्नियाची कबरस्ताने विसरण्याचा अधिकारही ती आपल्याला देत नाही.

म्हणून सत्तेच्या कोणत्याही भागीदारीकडे, मग ती राष्ट्रांची असो, मशिदीच्या विश्वस्तांची असो वा दोन भावांच्या शेतीची असो, पाहताना चार प्रश्न स्वतःला विचारावेत. ज्यांची ही अमानत आहे त्यांना विचारले गेले आहे का? थोरला जेव्हा नियम मोडतो, तेव्हा त्याला कोण अडवतो? नको झाल्यास सन्मानाने बाजूला होता येते का? आणि दाराबाहेर उभा असलेला, ज्याची सही कोठेही नाही, त्याचा विचार कोण करतो? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे चांगले कायदे देऊ शकतात. चौथ्याचे उत्तर केवळ ईशभय असलेले अंतःकरणच देऊ शकते.

स्ट्रासबर्गच्या त्या आईचे दोन्ही पुत्र आता भांडत नाहीत. त्यांच्या नावाने त्याच शहरात संसद भरते. पण भूमध्य समुद्राच्या पलीकडेही आया आहेत. बुडालेल्या नावांतून परत न आलेल्या मुलांची त्या वाट पाहत आहेत. त्यांच्या पुत्रांचे स्मारक कोण आणि कोठे उभारणार, हा प्रश्न अजून शिल्लक आहे.

अल्लाह आपणा सर्वांना करार पाळणारे, अमानत सांभाळणारे आणि परक्या शेजाऱ्यालाही ओळखणारे बनवो. आमीन.